मुकुंदपुऱ्याचा काळा दगड : सीएम२ की सीएम१?

६ जून २०१७ ची पहाट, सव्वापाचचा सुमार. जयपूरजवळच्या मुकुंदपुरा गावच्या शिवारात आकाशातून एक काळा दगड येऊन आदळला. रेताड जमिनीत ४३ सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर खोल खड्डा पडला. लोणार डोळ्यांपुढे ठेवणाऱ्या आपल्या मराठी माणसाला हा खड्डा म्हणजे घमेलंच वाटेल. पण लोणारला जे आदळलं त्यातलं हातात धरून बघावं असं काही मागे उरलेलं नाही, आणि इथे घमेल्याच्या तळाशी दगड होता. आदळताना त्याचे तुकडे झाले होते; सगळे मिळून वजन दोन किलोच्या आसपास. आपल्या देशात पडलेल्या अशनी सांभाळणं हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं जुनं काम, त्यामुळे दगड त्यांच्याकडे गेला.

राजस्थानात पाऊस यायला अजून अवकाश होता, आणि या एका गोष्टीमुळे मुकुंदपुऱ्याचं मोल वाढलं. का ते पुढे येईलच.

मी पेट्रॉलॉजी, म्हणजे दगडांचं शास्त्र, शिकवते. मुकुंदपुऱ्याचा तुकडा मी हातात घेतलेला नाही. प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांवरून हे प्रकरण दर वर्षी वर्गात घेते. घेण्याचं कारण असं की या दगडाच्या घराण्याबद्दल कुणाचंच दुमत नाही, पण त्या घराण्याच्या नावापुढच्या एका आकड्यावरून तीन वर्षांत दोन मतं झाली. सीएम हे घराण्याचं नाव, त्यापुढचा आकडा मूळ दगड किती बदलला ते सांगतो. २०१८ मध्ये तो सीएम२ होता. २०१९ मध्ये एका गटाने त्याला सीएम२.० म्हटलं आणि तोच सीएम१ असंही सांगितलं. २०२० मध्ये तिसऱ्या गटाने आपल्या शोधनिबंधाच्या मथळ्यातच प्रश्नचिन्ह टाकलं. दगड तोच, उपकरणं उत्तम, माणसं जाणती. मग घोळ कुठे झाला?

अक्षरं कशी ठरली

आधी घराणं. दगड काळा आहे, वरची साल वातावरणातून येताना वितळून गोठलेली आहे, म्हणजे अशनी आहे हे उघड. लोक माझ्याकडे ‘उल्का सापडली’ म्हणून जे दगड आणतात त्यांतले बहुतेक फाउंड्रीतल्या मळीचे असतात, उरलेले आपलेच बेसाल्ट. मळीला बुडबुडे असतात, अशनीला सहसा नसतात. शिवाय बेसाल्टवर हात बसलेल्या माणसाला अशा कार्बनी अशनीचं वजन चकवतं. बेसाल्टची घनता २.९ च्या आसपास. साधी काँड्राइट (गोल दाण्यांची, नेहमी आढळणारी) अशनी त्याहून जड लागते, ३.३ च्या पुढे. आणि सीएम घराण्यातला दगड उलट हलका, जेमतेम सव्वादोन. आकाशातून पडलेला दगड जड असलाच पाहिजे ही समजूत इथे पार उताणी पडते.

‘कार्बनी’ या शब्दानेही फसायला होतं. कोळशासारखा दिसतो म्हणून त्यात कोळशाइतका कार्बन असेल असं वाटतं, पण सीएममध्ये कार्बन वजनाने साधारण दोन टक्के असतो. दगडाला काळं करतो तो त्याचा आधारक, म्हणजे गोल दाण्यांच्या मधल्या जागा भरणारा अतिबारीक चुरा. त्यात सेंद्रिय द्रव्य, सल्फाइडं आणि मॅग्नेटाइट असं काही कालवलेलं असतं की प्रकाश आत गेला की बाहेर यायचं नाव घेत नाही.

आता सूक्ष्मदर्शकाखाली. त्याआधी थिन सेक्शन, म्हणजे प्रकाश आरपार जाईल इतका पातळ काप, करायचा, आणि इथे पहिली अडचण. बेसाल्टचा सेक्शन आपण बिनदिक्कत पाण्याची धार सोडून कापतो. या दगडाला पाणी लावायचं नाही, कारण त्यात पाण्यात विरघळणारे क्षार असू शकतात आणि मातीसारखी खनिजं पाणी पिऊन फुगतात. म्हणून कोरडं कापायचं, नाहीतर अल्कोहोल वापरायचं. इतका ठिसूळ तुकडा आधी रेझिनमध्ये मुरवावा लागतो, तेव्हा कुठे तो काचेवर तग धरतो.

सेक्शन मंचावर ठेवला की पहिल्यांदा निराशाच होते. सगळीकडे काळोख. मग डोळा सरावतो आणि त्या काळोखात गोल, अर्धगोल, फुटके दाणे दिसू लागतात. हे काँड्रूल: सूर्यमालेच्या आरंभी धुळीचे गोळे वितळून थेंब झाले आणि पटकन गोठले, ते थेंब. घराणं ओळखायचं ते मुख्यतः यांच्यावरून. किती मोठे, किती दाट, आणि मधल्या आधारकाचा वाटा किती.

कार्बनी अशनींची घराणी अनेक. सीव्ही घराण्यात काँड्रूल जवळपास एक मिलिमीटरचे, नुसत्या डोळ्यांना दिसणारे. १९६९ मध्ये मेक्सिकोत पडलेला आयेंदे त्या घराण्यातला. सीओचे अगदी बारके, मिलिमीटरचा सातवा भाग, आणि एकमेकांना खेटून. सीआरचे मोठे आणि धातूने भरलेले. सीएच, सीबीमध्ये तर धातूच धातू. सीआय म्हणजे सगळ्यात आदिम रासायनिक ठेव, पण तिच्यात काँड्रूल औषधालाही सापडत नाही. सीएमचे साधारण ०.३ मिलिमीटरचे, विखुरलेले, काळ्या आधारकात बुडालेले. आधारकाचा वाटा मोठा, सत्तर टक्क्यांच्या आसपास. बहुतेक काँड्रूलांभोवती बारीक धुळीचा एक पापुद्रा असतो. करंजीच्या सारणाभोवती पारी असावी तसा तो दिसतो, पण एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. हा पापुद्रा सीएमची खूणच म्हणावी.

तरीही पोतावर पूर्ण विसंबता येत नाही, म्हणून खनिजांकडे जायचं. सीएममधल्या उरल्यासुरल्या ऑलिव्हीनचा (बेसाल्टमध्येही असणारं हिरवट सिलिकेट खनिज) मोठा भाग जवळपास शुद्ध फोर्स्टेराइट असतो, मॅग्नेशियमचा. लोहयुक्त ऑलिव्हीनचे दाणे अधूनमधून. कॅल्शियम-ॲल्युमिनियमने समृद्ध असे पांढुरके कण, स्पिनेल आणि पेरोव्हस्काइटचे, तुरळक. पण निर्णायक पुरावा आधारकात असतो: टोचिलिनाइट आणि क्रोनस्टेडटाइट यांचं एकमेकांत विणलेलं मिश्रण. क्रोनस्टेडटाइट हे सर्पेंटाइन कुळातलं, म्हणजे जाळीत पाणी बसलेल्या थरदार खनिजांतलं, लोहाने भरलेलं. टोचिलिनाइट विचित्र: लोह सल्फाइडचा एक थर, हायड्रॉक्साइडचा एक थर, पुन्हा सल्फाइडचा, अशी पत्त्यांच्या कॅटसारखी रचना. या मिश्रणाला इंग्रजीत कैक वर्षं जे नाव होतं त्याचा अर्थ ‘नीट ओळख न पटलेली द्रव्यं’. विज्ञानात इतकं प्रामाणिक नाव क्वचितच मिळतं. ओळख पटल्यावरही ते नाव बरीच वर्षं चालत राहिलं.

टोचिलिनाइट आणखी एक काम करतं. अडीचशे अंश सेल्सियसच्या आसपास ते मोडतं. ज्या दगडात ते शाबूत आहे तो घडल्यानंतर फारसा तापलेला नाही, हे वेगळं विचारायला नको.

मुकुंदपुरा या सगळ्या कसोट्यांवर सीएम ठरला. नंतर दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचं प्रमाण मोजलं गेलं, तेही सीएमशी जुळलं. घराण्याला ‘सीएम’ नाव मिळालं ते युक्रेनमधल्या मिगेई इथे १८८९ मध्ये पडलेल्या दगडावरून. आपल्याकडेही हे पाहुणे नवे नाहीत: नवापली, हरिपुरा आणि एराकोट हे तिघे सीएम एकोणिसाव्या-विसाव्या शतकात भारतात पडले. पण त्या तिघांचं वजन एकत्र केलं तरी किलो भरत नाही. मुकुंदपुरा एकटाच दोन किलोंचा, त्यात ताजा.

आकडा म्हणजे काय

आकड्याची पद्धत व्हान श्मुस आणि वुड या अशनीतज्ज्ञांनी १९६७ मध्ये बसवली, आणि मुलं ती हमखास उलटी शिकतात. त्यांना वाटतं १ म्हणजे सर्वांत शुद्ध आणि पुढे बिघडत जाणारं. तसं नाही. मूळ रूपाच्या सर्वांत जवळ आहे तो ३. तिथून वर, ४, ५, ६ कडे जाल तर उष्णतेने बदललेले दगड. खाली, २ आणि १ कडे जाल तर पाण्याने बदललेले. सीएम घराण्यात खाली जाणारेच भेटतात.

पाणी कुठलं? ज्या लघुग्रहाचा हा तुकडा आहे त्याच्या पोटातलं. दगड आणि बर्फ एकत्र जमले, किरणोत्सारी ॲल्युमिनियमच्या उबेने बर्फ वितळला, आणि ते पाणी खनिजांना आतून खाऊ लागलं. हे साडेचार अब्ज वर्षांपूर्वीचं. महाराष्ट्रात वाढलेल्या भूवैज्ञानिकाला ही गोष्ट परकी वाटू नये. आपल्या बेसाल्टमधलं ऑलिव्हीन तांबूस इडिंग्साइट होतं, पोकळ्यांत झिओलाइटचे पांढरे झुपके येतात, ते पाण्याचंच काम. फरक इतकाच की बेसाल्टमध्ये पाणी वाट मिळेल तिथे शिरतं, आणि सीएममध्ये ते पहिल्यापासून घरातच होतं.

पाण्याच्या खाण्याला क्रम असतो. आधी काँड्रूलमधली काच जाते. मग लोह-निकेलचे धातूकण. मग पायरोक्सीन, ऑलिव्हीनचं सोबती सिलिकेट. ऑलिव्हीन सगळ्यात चिवट, फोर्स्टेराइट तर फारच; ते शेवटी जातं. या क्रमाचा उपयोग करून रुबिन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये त्या मोघम ‘२’ चे दशांश पाडले: २.६ म्हणजे पाण्याने जेमतेम शिवलेला, २.० म्हणजे पार खाल्लेला. त्यांच्या कसोट्या मला आवडतात, कारण त्या सूक्ष्मदर्शकाशी बसलेल्या माणसाच्या आहेत. २.६ मध्ये धातू आकारमानाने एक-दोन टक्के उरलेला असतो, २.० मध्ये ०.०२ टक्के किंवा त्याहून कमी. २.३ च्या वरच्या दगडांत काँड्रूलमधल्या सिलिकेट दाण्यांपैकी दोन टक्क्यांहून कमी बदललेले, २.० मध्ये ८५ ते ९९ टक्के. ते ‘नीट ओळख न पटलेलं’ मिश्रण वरच्या दगडांत १५ ते ४० टक्के, २.० मध्ये पाचाच्या आत, आणि जे असतं त्यातला गंधक व लोह बराच घटलेला. कार्बोनेटही बदलतं: वरच्या दगडांत नुसतं कॅल्साइट, तळाच्या दगडांत त्याच्या जोडीला डोलोमाइटसारखी मिश्र कार्बोनेटं.

मग २.० आणि १ यांत फरक काय? गंमत इथे आहे. १९६७ च्या मूळ व्याख्येत १ म्हणजे ज्यात काँड्रूल नाहीत असा दगड. ही पोताची व्याख्या झाली. पण सीएम घराण्यात असे दगड भेटतात ज्यांत ऑलिव्हीन-पायरोक्सीन जवळपास संपलेलं आहे, सगळं सर्पेंटाइन झालेलं आहे, आणि तरीही काँड्रूलची गोल आकृती जशीच्या तशी दिसते. खनिजांकडे बघणारा त्यांना सीएम१ म्हणतो. रुबिन यांचं म्हणणं, काँड्रूलची आकृती दिसते ना, मग त्याला १ कसं म्हणायचं? २.० म्हणा.

आपल्याकडे म्हण आहे, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. ती स्वभावावरून म्हणतात. इथे ती अक्षरशः लागू पडते. ऑलिव्हीनचा सुंभ गेला, काँड्रूलचा पीळ राहिला. आकडा सुंभाला द्यायचा की पिळाला, एवढाच वाद आहे.

तिसरी पट्टीही आहे. २०१५ मध्ये हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरणांनी पुडीतली खनिजं मोजून, एकूण सिलिकेटांपैकी थरयुक्त जलीय सिलिकेटांचा (सर्पेंटाइनसारख्या, पाणी मुरलेल्या खनिजांचा) वाटा किती, यावर आकडा बसवला. त्या पट्टीवर सर्वांच्या तोंडी असलेला ऑस्ट्रेलियाचा मर्चिसन, जो रुबिन यांच्याकडे २.५ आहे, तो दीडच्या आसपास येतो. म्हणजे कुणी नुसतं ‘१.५’ किंवा ‘२.०’ लिहिलं आणि पट्टी सांगितली नाही, तर वाचणाऱ्याने काय समजायचं? रुपये की डॉलर हे न लिहिता बिल द्यावं तसं ते होतं.

तीन टेबलं, एक दगड

पहिल्या अभ्यासांत, म्हणजे भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा यांच्या २०१८ मधल्या निबंधांत, दगड सीएम ठरला आणि जागतिक सूचीत सीएम२ म्हणून नोंदला गेला. बिनदशांशाचा दोन. हा आकडा मला चुकीचा वाटत नाही. नव्या दगडाची पहिली नोंद घराणं पक्कं करण्यासाठी असते; आणि ज्या सेक्शनमध्ये फोर्स्टेराइटचे दाणे आणि काँड्रूलांच्या आकृती दिसतात त्याला जुन्या पद्धतीत २ म्हणायचं, यात वावगं काही नाही.

दुसरं टेबल गोव्यात होतं, दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत. समुद्रवाल्यांचं अशनीत काय काम, असं मुलं विचारतात. या संस्थेतले शास्त्रज्ञ कैक वर्षं हिंदी महासागराच्या तळचा गाळ उपसून त्यातले अंतराळातून आलेले सूक्ष्म गोळे वेचत आहेत. गाळाच्या ढिगातून मिलिमीटरच्या अंशाएवढा गोळा शोधायची सवय झालेल्या डोळ्यांना दोन किलोचा दगड म्हणजे मेजवानी. त्यांच्या २०१९ च्या निबंधात रसायन, समस्थानिकं आणि अमिनो आम्लं असं सगळं आहे, आणि निष्कर्ष मथळ्यातच लिहिलेला: सीएम२.०, कंसात सीएम१. हा कंस मला फार सूचक वाटतो. दोन पट्ट्यांवरची दोन नावं त्यांनी शेजारी ठेवली आणि वाचणाऱ्याला सांगितलं की अवस्था एकच आहे.

तिसरं टेबल फ्रान्समधल्या ग्रनोबलचं, २०२०. तिथे दगडाकडे बघण्याची रीतच वेगळी होती. त्यांनी मुख्यतः पूड तपासली.

ही रीत जरा जवळून बघू, कारण निकाल इथे फिरतो. चिमूटभर पूड एका बारीक वाटीत ठेवतात आणि भट्टीत हळूहळू तापवतात. वाटी सतत तराजूवर असते. दोनशे अंशांपर्यंत जे वजन घटतं ते बहुतांशी दाण्यांना वरवर चिकटलेलं पाणी, हवेतलंही. ते सोडून द्यायचं. चारशेच्या पुढे, पावणेआठशेपर्यंत जी घट येते ती सर्पेंटाइनसारख्या खनिजांच्या जाळीत बसलेल्या पाण्याची. त्याहून वर कार्बोनेटातला कार्बन डायऑक्साइड सुटतो. मधली घट जितकी मोठी, तितकं जलीय सिलिकेट जास्त. दुसरीकडे अवरक्त वर्णपटात १० मायक्रॉनच्या आसपासचा पट्टा बघायचा: ऑलिव्हीन शिल्लक असेल तर ११.२ मायक्रॉनजवळ त्याचं टोक डोकं वर काढतं. सर्पेंटाइनच असेल तर १० जवळ एक गुळगुळीत टेकडी. रामन वर्णपटातून, म्हणजे लेझरचा प्रकाश पाडून तो कसा विखुरतो ते बघून, सेंद्रिय कार्बनची रचना तापून बदलली आहे का ते कळतं. मुकुंदपुऱ्यात तसं काही आढळलं नाही.

सगळ्या मोजण्यांनी एकच सांगितलं: दगड मुख्यतः जलीय सिलिकेटांचा आहे, पाण्याने तो खूपच बदललेला आहे, आणि ज्यांचे आकडे आधीच माहीत आहेत अशा दगडांच्या रांगेत तो सीएम१ च्या शेजारी बसतो.

आता हे तिघे एकमेकांना खोटं पाडतात का? माझ्या मते नाही. सूक्ष्मदर्शक आकृती दाखवतो: एका सेक्शनमध्ये फोर्स्टेराइटचे पाच चमकदार दाणे दिसले की ते डोळ्यात भरतात. क्रॉस्ड निकॉल्समध्ये, म्हणजे दोन आडव्या-उभ्या ध्रुवक गाळण्यांमधून बघताना, तर काळ्या रात्रीत फटाके फुटावेत तसे त्यांचे रंग दिसतात, आणि भोवतीचं सर्पेंटाइन निमूट करडं राहतं. माणसाची नजर त्या पाचांकडे जाते. तराजूला मात्र त्या पाच दाण्यांचं कौतुक नाही. त्याला बाकी सगळ्या पुडीतलं पाणी दिसतं. पहिल्या नजरेला २ दिसला आणि तराजूला १, यात दगडाचा दोष नाही.

दुसरी शक्यता मी मुलांना नेहमी सांगते: तुकडा कुठला? सीएम दगड बहुतांशी ब्रेक्शिया असतात, म्हणजे लघुग्रहावरच्या धडकांनी फुटून पुन्हा चिकटलेले चुरे. इंग्लंडमध्ये २८ फेब्रुवारी २०२१ ला पडलेल्या विंचकम अशनीचं उदाहरण त्यासाठी फार चांगलं. पाचेकशे ग्रॅमचा ऐवज, आणि त्यातल्या निरनिराळ्या तुकड्यांचे आकडे रुबिन यांच्या पट्टीवर २.० पासून २.६ पर्यंत पसरलेले. एका मुठीत मावेल एवढ्या दगडात जवळपास अख्खी पट्टी! तिथे ‘या दगडाचा आकडा काय’ हा प्रश्न पुण्याचा पाऊस किती असं विचारण्यासारखा आहे. कोथरूडचा की लोहगावचा?

पाऊस न पडल्याचा फायदा

सुरुवातीला जे सोडून दिलं होतं ते आता. पाण्याने केलेला बदल मोजायचा असेल तर पहिला संशय पृथ्वीच्या पाण्यावर घ्यायला हवा. वाळवंटात कित्येक वर्षं पडून राहिलेल्या दगडात गंजाच्या शिरा असतात, कॅल्साइट भरलेलं असतं, आणि ते कुठलं पाणी हे सांगताना नाकी नऊ येतात. मुकुंदपुरा कोरड्या रेतीत पडला आणि लगेच उचलला गेला. त्यामुळे त्यातलं सर्पेंटाइन लघुग्रहावरचंच, असं बऱ्यापैकी छातीठोकपणे म्हणता येतं.

लगेच उचलला तरी काळजी संपत नाही. फ्रान्समध्ये १८६४ मध्ये ओर्गेय इथे पडलेल्या सीआय दगडात पांढऱ्या सल्फेटच्या शिरा आहेत. बरीच वर्षं त्या शिरा म्हणजे लघुग्रहावर वाहिलेल्या खारट पाण्याचा पुरावा, असं धरलं जायचं. २००१ मध्ये दाखवून दिलं गेलं की त्या शिरा संग्रहालयाच्या कपाटात, हवेतल्या दमटपणामुळे उगवल्या आहेत. पडला तेव्हाच्या वर्णनांत त्यांचा उल्लेखच नव्हता. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येणाऱ्या आपल्या हवेत हे विसरून चालणार नाही. असा दगड कोरड्या नायट्रोजनमध्ये ठेवायचा, आणि कोणत्या तारखेला कोणती शीर दिसत होती ते फोटोसकट लिहून ठेवायचं. हे कारकुनी काम कुणाला आवडत नाही. मलाही आवडत नाही, पण ओर्गेयचं उदाहरण दिल्यावर मुलं मुकाट्याने करतात.

मी नोंद कशी लिहीन

परीक्षेत मी हे प्रकरण विचारते तेव्हा ‘सीएम२’ एवढंच लिहिणाऱ्याला अर्धे गुण, आणि ‘सीएम१’ एवढंच लिहिणाऱ्यालाही अर्धेच. मला हवी ती नोंद काहीशी अशी: घराणं सीएम, काँड्रूलचा आकार आणि आधारकाचा वाटा यांवरून, रासायनिक पुष्टीसह, पाण्याने बदल अतितीव्र, रुबिन पट्टीवर २.०, खनिजांच्या हिशेबाने सीएम१. काँड्रूलच्या आकृती शिल्लक. उष्णतेने बदलल्याची खूण नाही. पृथ्वीवरचा ओलावा नगण्य. ओळ लांब होते हे खरं, पण सूचीतल्या दोन अक्षरांत आणि एका आकड्यात न मावणारं बरंच काही या दगडात आहे.

वर्गात आम्ही मोजणीचा सराव करतो. सीएम दगडांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची मोठी चित्रं छापून घ्यायची. त्यांत जड मूलद्रव्यं उजळ दिसतात, म्हणून सल्फाइडं पांढरीशुभ्र, फोर्स्टेराइट गडद करडं, सर्पेंटाइन मधलं. चित्रावर पारदर्शक आलेख-कागद ठेवायचा आणि प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्याखाली काय आहे ते लिहायचं. पाचशे कोपरे. कंटाळवाणं आहे, मान दुखते, शंभराच्या पुढे सगळं करडं सारखंच दिसायला लागतं.

गेल्या वर्षी एका मुलीने दोनशेच्या आसपास पेन खाली ठेवलं. तिच्या कोपऱ्याखाली एक सुरेख गोल आकृती होती, भोवती धुळीचा पापुद्रा, आत ऑलिव्हीनच्या दाण्यांचे कोनेकोपरेही स्पष्ट. पण दाण्यांच्या जागी सगळं सर्पेंटाइन.

“मॅडम, हे काँड्रूलमध्ये धरू की सर्पेंटाइनमध्ये?”

तिने ते काँड्रूलमध्ये धरलं तर तिचा दगड २ कडे झुकणार होता, सर्पेंटाइनमध्ये धरलं तर १ कडे. अडीच तासांच्या मोजणीचा निकाल त्या एका उत्तरावर होता, आणि असे गोळे चित्रभर पसरलेले होते. मी म्हटलं, दोन रकाने आख. एकात आकृती काय ते लिही, दुसऱ्यात खनिज काय ते. मागे जाऊन आधीचे दोनशेही तसेच भर.

ती वैतागली, पण तिने भरले. कागद परत आला तेव्हा रकाने तीन होते. तिसऱ्याच्या डोक्यावर तिने लिहिलं होतं, ‘तुकडा क्रमांक’.